वीज शहराला, जागरण पठाराला

साताऱ्याहून सज्जनगड मागे टाकून ठोसेघरच्या वाटेने वर चढले की चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या रांगा सुरू होतात. पलीकडे पाटण तालुक्यात, कोयनेच्या जलाशयाच्या वरच्या अंगाला, वनकुसवड्याचे पठार असेच पात्यांनी भरून गेले आहे. पावसाळी धुक्यातून संथ फिरणारी ती पांढरी पाती पर्यटकांना मोहवतात. शासकीय जाहिरातींना प्रगतीचे चित्र हवे असले की हेच दृश्य कामी येते. पर्यटक छायाचित्रे घेतो, भजी-चहा घेतो आणि संध्याकाळी घाट उतरून घरी परततो. पठारावरची वस्ती मात्र तिथेच राहते. पवनचक्कीची खरी ओळख रात्री दहानंतर होते आणि ती ओळख करून घेण्याची वेळ पर्यटकावर, अधिकाऱ्यावर किंवा गुंतवणूकदारावर कधी येत नाही.

पवनचक्की वर्तमानपत्रांत येते ती जमिनीच्या व्यवहारामुळे, रस्त्याच्या वादामुळे किंवा गुन्ह्यामुळे. डिसेंबर २०२४ मध्ये बीड जिल्ह्यातील मस्साजोगच्या सरपंचांची निर्घृण हत्या झाली आणि तपासाचा धागा पवनऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीपर्यंत पोहोचला. तेव्हा या उद्योगाभोवती किती पैसा फिरतो हे साऱ्या महाराष्ट्राला कळले. त्याच पात्यांखाली झोपणाऱ्या माणसाच्या रात्रीची बातमी मात्र होत नाही. पैसा मोजता येतो, झोप मोजली जात नाही.

पवनऊर्जेला विरोध करणे हा या विवेचनाचा हेतू नाही. आयात इंधनावरचे अवलंबित्व कमी करायचे असेल, तर वाऱ्याची वीज देशाला हवीच. मार्च २०२५ अखेर भारताची पवनऊर्जा क्षमता ५० हजार मेगावॅटच्या पुढे गेली आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा ५ हजार मेगावॅटहून अधिक आहे. ही अभिमानाची गोष्ट आहे. प्रश्न एवढाच आहे की, राष्ट्राच्या या यशाची किंमत कोण मोजतो आणि त्याने ती मोजली आहे याची नोंद तरी कुठे होते काय?

भिंतीतून येणारा आवाज

पवनचक्कीजवळ राहणाऱ्याची तक्रार जगात कुठेही ऐका, तिचा आशय फारसा बदलत नाही. आवाज फार मोठा नसतो, पण थांबत नाही. तो कानापेक्षा छातीत आणि उशीत जाणवतो. दारे-खिडक्या लावल्या तर कमी होण्याऐवजी अधिक उठून दिसतो. ऐकणाऱ्याला हे विचित्र वाटते. ध्वनिशास्त्राला त्यात विचित्र काही वाटत नाही.

माणसाचा कान साधारण २० ते २० हजार हर्ट्झ वारंवारतेचा ध्वनी ऐकतो. २० हर्ट्झच्या खाली असतो तो अवश्राव्य ध्वनी आणि २० ते २०० हर्ट्झच्या पट्ट्यात येतो तो कमी वारंवारतेचा, घुमणारा ध्वनी. या ध्वनीच्या लहरी लांब असतात. हवा त्यांना फारशी शोषत नाही आणि भिंत त्यांना नीट अडवत नाही. लग्नाच्या वरातीतला डीजे दोन गल्ल्या पलीकडे असला, तरी गाण्याचे शब्द आपल्यापर्यंत पोहोचत नाहीत, पण ठोका मात्र बंद खिडकीतून आत येऊन तावदान थरथरवतो. हा अनुभव प्रत्येक शहरवासीयाला आहे. डीजेचा ठोका तासाभराने पुढच्या चौकात जातो. पवनचक्की जागची हलत नाही.

आज देशात उभारल्या जाणाऱ्या तीन मेगावॅटच्या यंत्रांचा पात्यांचा घेर १४० मीटरहून अधिक व्यासाचा आहे आणि मनोरा तितकाच उंच आहे. खालून संथ दिसणाऱ्या या पात्यांची टोके ताशी अडीचशे ते तीनशे किलोमीटर वेगाने हवा कापत असतात. मिनिटाला बारा फेरे धरले, तर तीन पात्यांचे छत्तीस झपाटे होतात, म्हणजे दर पावणेदोन सेकंदांच्या आत एक. हा आवाज एकसारखा वाहत नाही. तो चढतो, उतरतो, पुन्हा चढतो. नदीच्या अखंड ओघाशेजारी माणसाला झोप लागते. थेंब थेंब गळणारा नळ मात्र त्याला जागा ठेवतो. त्रास जितका आवाजाच्या पातळीचा असतो, तितकाच त्याच्या तालाचाही असतो.

यंत्रे जसजशी मोठी होत गेली, तसतसा हा घुमार वाढत गेला. डेन्मार्कमधील आल्बोर्ग विद्यापीठाचे मोलर आणि पेडर्सन यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात दाखवून दिले की, मोठ्या पवनचक्क्यांच्या आवाजात खालच्या वारंवारतेचा हिस्सा लहान यंत्रांपेक्षा अधिक असतो. नव्वदच्या दशकात साताऱ्याच्या पठारावर आलेली यंत्रे काही शे किलोवॅटची होती. त्या काळचा अनुभव आजच्या अजस्र यंत्रांना लावणे म्हणजे बैलगाडीच्या घुंगरांवरून मालगाडीच्या आवाजाचा अंदाज बांधणे होय.

मापपट्टीच बहिरी

गावकरी तक्रार करतो तेव्हा काय होते? नशीब बलवत्तर असेल, तर एखादा कर्मचारी ध्वनिमापक घेऊन येतो. दिवसा येतो. अंगणात उभा राहतो. आकडा पाहतो आणि मर्यादेच्या आत असल्याचे लिहून निघून जातो. त्या आकड्यात खोटे काही नसते, पण गावकऱ्याचे दुखणेही त्यात नसते.

याचे कारण मापपट्टीत आहे. ध्वनिप्रदूषणासाठी सर्वत्र वापरली जाते ती ‘ए’ भारांकनाची मापपट्टी. मानवी कान खालच्या वारंवारतेला कमी संवेदनशील असतो, म्हणून ही मापपट्टी तो ध्वनी वजा करूनच मोजते. १०० हर्ट्झला सुमारे १९ डेसिबल वजा, ५० हर्ट्झला सुमारे ३०, २० हर्ट्झला सुमारे ५० आणि १० हर्ट्झला सुमारे ७० डेसिबल वजा! रस्त्यावरचे भोंगे आणि कारखान्याची खडखड मोजायला ही पद्धत योग्य आहे. पण ज्या आवाजाची तक्रारच खालच्या वारंवारतेची आहे, तो मोजायला तिचाच वापर करणे म्हणजे ज्याची चोरी झाली त्याच्या घरात दिवा विझवून शोध घेणे होय. शिवाय घराच्या भिंती वरच्या वारंवारतेचे आवाज गाळून टाकतात आणि घुमार तेवढा आत सोडतात. त्यामुळे अंगणातल्या मापनावरून माजघरातल्या झोपेचा अंदाज येत नाही.

वेळेचाही प्रश्न आहे. नेदरलँड्सचे भौतिकशास्त्रज्ञ फ्रिट्स व्हान डेन बर्ग यांनी जर्मनीच्या सीमेवरील ऱ्हेडे येथील पवन प्रकल्पाचा अभ्यास करून २००४ मध्ये निष्कर्ष मांडला. निरभ्र, शांत रात्री जमिनीलगत वारा पडतो, पान हलत नाही, पण मनोऱ्याच्या उंचीवर तो जोमाने वाहत असतो. वर यंत्र पूर्ण क्षमतेने फिरते आणि खाली त्याचा आवाज झाकायला झाडांची सळसळही उरत नाही. दिवसाच्या गणितावरून बांधलेला रात्रीचा अंदाज त्यामुळे साफ चुकतो. सपाट नेदरलँड्समध्ये जर ही स्थिती, तर माथ्यावर यंत्र आणि उताराच्या आडोशाला वस्ती अशी रचना असलेल्या सह्याद्रीत काय होत असेल, याचा विचार करण्यासाठी तज्ज्ञ असण्याची आवश्यकता नाही.

ही तक्रार कालची नाही

‘हे सगळे मनाचे खेळ आहेत,’ असे सांगणाऱ्यांनी अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यातील बून या गावाचा इतिहास वाचावा. तेथे १९७९ साली ‘नासा’च्या देखरेखीखाली दोन मेगावॅटचे प्रचंड प्रायोगिक यंत्र उभारले गेले. त्या वेळी जगात ‘पवनचक्कीचा त्रास’ हा शब्दप्रयोगही रूढ नव्हता. कोणी कोणाचे कान भरण्याचा प्रश्नच नव्हता. तरीही आसपासच्या काही कुटुंबांनी घरात धपधप जाणवते, खिडक्या थरथरतात अशा तक्रारी केल्या. अमेरिकी शासनाने काय केले? शास्त्रज्ञ पाठवले. नील केली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरांच्या आत मोजमापे घेतली आणि कारण शोधून काढले. त्या यंत्राची पाती मनोऱ्याच्या मागच्या बाजूला होती. मनोऱ्याने खंडित झालेल्या वाऱ्यातून प्रत्येक पाते जाताना कमी वारंवारतेचा धक्का निर्माण होत होता आणि तो घरांच्या आत घुमत होता. पुढे ते यंत्र उतरवले गेले आणि पाती मनोऱ्याच्या पुढे ठेवण्याची रचना जगभर रूढ झाली.

या प्रसंगाचा बोध सरळ आहे. मूठभर ग्रामीण कुटुंबांची तक्रार गांभीर्याने घेतली गेली, म्हणून यंत्र सुधारले. तक्रार करणाऱ्याला प्रगतीचा शत्रू ठरवले असते, तर तंत्रज्ञान तिथेच अडकून पडले असते.

अतिशयोक्तीने तक्रारदाराचेच नुकसान

येथे दुसऱ्या बाजूचीही झाडाझडती घेणे आवश्यक आहे. अमेरिकेतील डॉ. नीना पियरपॉन्ट यांनी २००९ साली ‘विंड टर्बाइन सिंड्रोम’ या नावाचे पुस्तक लिहिले. चक्कर, डोकेदुखी, छातीतली धडधड अशी लक्षणांची मालिका त्यांनी अवश्राव्य ध्वनीला जोडली. अभ्यास होता अवघ्या १० कुटुंबांतील ३८ जणांचा, तोही दूरध्वनीवरील मुलाखतींवर बेतलेला. पुढील कठोर चाचण्यांत हा दावा टिकला नाही. फिनलंडमध्ये २०२० साली प्रसिद्ध झालेल्या शासकीय संशोधनात पवनचक्कीचा अवश्राव्य ध्वनी ऐकवूनही सहभागी व्यक्तींना तो ओळखता आला नाही. ऑस्ट्रेलियातील २०२३ च्या अभ्यासात ३७ जणांना सलग ७२ तास असा ध्वनी देण्यात आला. त्यांच्या झोपेवर वा प्रकृतीवर परिणाम दिसला नाही. न्यूझीलंडमधील संशोधकांनी तर असे दाखवले की, त्रास होईल असे आधी सांगितल्यास लक्षणे अधिक जाणवतात.

हे मान्य केलेच पाहिजे. आपल्याकडेही २००३ च्या दुष्काळाच्या सुमारास पवनचक्क्यांमुळे ढग पळून जातात, अशी समजूत सांगली-साताऱ्याकडे पसरली होती. ती समजूत चुकीची होती. पण तिचा परिणाम असा झाला की, पवनचक्कीविषयी काहीही बोलणारा शेतकरी अडाणी ठरू लागला. एका चुकीच्या भीतीच्या आधारे दहा खऱ्या तक्रारी निकालात काढण्याची सोय यंत्रणेला मिळाली. सुंठीवाचून खोकला गेला!

अवश्राव्य ध्वनीचा बागुलबुवा बाजूला ठेवला तरी काय उरते? ऐकू येणारा, तालात चढ-उतार करणारा, घरात घुमणारा आवाज उरतो आणि त्यामुळे होणारा मनस्ताप उरतो. ‘हेल्थ कॅनडा’ या तेथील शासकीय विभागाने १,२३८ रहिवाशांचा अभ्यास करून २०१४ मध्ये निष्कर्ष जाहीर केले. आवाजाच्या पातळीचा आजारांशी वा झोपेशी थेट संबंध त्यात आढळला नाही. कंपन्यांचे प्रवक्ते एवढेच वाक्य उद्धृत करतात. त्याच अहवालात पुढे असेही आहे की, आवाजाची पातळी वाढते तसा तीव्र त्रास जाणवणाऱ्यांचा वाटा वाढतो आणि या त्रासाचा अर्धशिशी, चक्कर, मानसिक ताण यांच्याशी संबंध दिसतो. डेन्मार्कमध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात घराबाहेर ४२ डेसिबल वा अधिक आवाज असलेल्या ६५ वर्षांवरील व्यक्तींमध्ये झोपेच्या आणि नैराश्यावरील औषधांचे प्रमाण अधिक आढळले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये युरोपसाठी दिलेल्या मार्गदर्शनात पवनचक्कीचा आवाज दिवस-सायंकाळ-रात्र यांच्या भारित सरासरीने ४५ डेसिबलच्या खाली ठेवण्याची सशर्त शिफारस केली. पुरावा अपुरा असतानाही सावधगिरी बाळगली, कारण पुरावा अपुरा असणे म्हणजे त्रास नसल्याचा पुरावा नव्हे.

न्यायासनासमोर

जिथे नागरिक न्यायालयाची पायरी चढले, तिथे चित्र बदलले. फ्रान्समध्ये तुलूझच्या अपील न्यायालयाने जुलै २०२१ मध्ये पवनचक्क्यांशेजारी राहणाऱ्या एका दांपत्याला एक लाख युरोहून अधिक भरपाई दिली. त्यांच्या घरापासून सर्वांत जवळचे यंत्र सुमारे ७०० मीटरवर होते. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये बाल्ड हिल्स प्रकल्पाचा रात्रीचा आवाज हा शेजाऱ्यांना होणारा बेकायदा उपद्रव आहे असा निर्णय दिला, २ लाख ६० हजार डॉलरची भरपाई मंजूर केली आणि रात्री असा उपद्रव करण्यास मनाई केली. तेथे प्रकल्पाला परवानगी होती, अहवाल होते, तज्ज्ञ होते. तरीही न्यायमूर्ती मेलिंडा रिचर्ड्स यांनी माणसाच्या झोपेला महत्त्व दिले. आयर्लंडच्या उच्च न्यायालयानेही मार्च २०२४ मध्ये वेक्सफर्ड परगण्यातील एका प्रकल्पाबाबत अशाच स्वरूपाचा निर्णय दिला.

भारतात तर याहून भक्कम आधार उपलब्ध आहे. ४ जून २०११ च्या मध्यरात्री दिल्लीच्या रामलीला मैदानावर झोपलेल्या आंदोलकांवर पोलीस तुटून पडले. त्या प्रकरणी फेब्रुवारी २०१२ मध्ये निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती बी. एस. चौहान यांनी झोप हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या अधिकाराचा भाग असल्याचे स्पष्ट केले. रामलीला मैदानावर झोपणाऱ्याला जो अधिकार आहे, तो चाळकेवाडीच्या घरात झोपणाऱ्याला नाही काय?

‘पांढऱ्या’ वर्गाचे अभय

गणेशोत्सवात रात्री दहा वाजता पोलीस मंडपात येऊन ध्वनिक्षेपक बंद करायला लावतात. नियम आहे आणि तो पाळला पाहिजे, याविषयी वाद नाही. ध्वनिप्रदूषण नियम २००० नुसार निवासी क्षेत्रात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. वर्षातून दहा दिवस वाजणाऱ्या मंडळावर कायद्याची नजर इतकी तीक्ष्ण, मग वर्षभर रात्री फिरणाऱ्या यंत्रापुढे तीच नजर का झुकते? या नियमांतील मर्यादा ‘ए’ मापपट्टीच्याच आहेत. कमी वारंवारतेसाठी वेगळी मर्यादा त्यांत नाही. शिवाय शांत ग्रामीण रात्रीची मूळ पातळी ३० डेसिबलच्याही खाली असू शकते. वाहनांच्या गोंगाटात वाढलेल्या शहरासाठी ४५ डेसिबल म्हणजे शांतता, पण रातकिड्यांच्या आवाजात झोपणाऱ्या वस्तीसाठी ती उलथापालथ आहे.

याचे मूळ धोरणात आहे. पर्यावरणीय परिणाम मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेत पवनऊर्जा प्रकल्पांचा समावेशच नाही. त्यामुळे पूर्वपर्यावरण मंजुरी नाही आणि तिच्यासाठी बंधनकारक असलेली जनसुनावणीही नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१६ मध्ये उद्योगांचे वर्गीकरण करताना पवनऊर्जेला ‘पांढऱ्या’ वर्गात बसवले. म्हणजे प्रदूषण मंडळाच्या संमतीचीही गरज उरली नाही. धूर नाही म्हणजे प्रदूषण नाही, हा त्यामागचा विचार. जणू प्रदूषण डोळ्यांनाच होते, कानाला होत नाही! त्याच वर्षी केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने मार्गदर्शक तत्त्वे काढून घरांपासून किमान ५०० मीटर अंतर ठेवण्यास सांगितले. चांगले झाले. पण यंत्र ८० मीटरचे असो वा २०० मीटरचे, अंतर मात्र तेच.

डेन्मार्कशी तुलना करून पाहावी. पवनऊर्जेत जगाला वाट दाखवणारा हा देश. तेथे नव्या पवनचक्कीचे घरापासूनचे अंतर यंत्राच्या एकूण उंचीच्या किमान चौपट असावे लागते. पात्याच्या टोकापर्यंत २१० मीटर उंचीच्या यंत्राला हा नियम लावला, तर अंतर ८४० मीटर भरते. २०१२ पासून तेथे घराच्या आत येणाऱ्या १० ते १६० हर्ट्झच्या ध्वनीसाठी २० डेसिबलची वेगळी मर्यादा आहे. शेजारच्या घराची किंमत घटली, तर भरपाईची तरतूद २००९ पासून आहे. पवनऊर्जेचा पुरस्कार करणाराच देश शेजाऱ्याची काळजी घेतो. आपण त्यांची यंत्रविद्या घेतली, त्यांची नीती मात्र सीमेवरच ठेवली.

आणि लाभ कोणाचा झाला? नव्वदच्या दशकात पवनचक्कीच्या संपूर्ण किमतीवर पहिल्याच वर्षी घसारा मिळे. पुढे तो ८० टक्के झाला, २०१२ मध्ये थांबला, २०१४ मध्ये पुन्हा आला आणि २०१७ पासून ४० टक्क्यांवर आला. या सवलतीने अनेक धनिकांना पवनचक्कीचे मालक केले. ज्यांनी तिचा मनोरा कधी जवळून पाहिला नसेल, त्यांचा आयकर तिने वाचवला. ज्यांनी तिचा आवाज रोज ऐकला, त्यांच्या हाती रखवालदाराची नोकरी आणि जमिनीचे एकरकमी पैसे, तेही ज्यांची जमीन गेली त्यांनाच. शेजारच्या घराला काहीच नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

सातारा जिल्ह्याला हे नवे नाही. साठच्या दशकात कोयना धरण झाले, राज्य उजळले आणि खोऱ्यातली गावे पाण्याखाली गेली. त्या विस्थापितांच्या पुनर्वसनाचे प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या लोंबकळत राहिले. त्याच जलाशयाच्या काठावरच्या पठारांनी आता दुसऱ्यांदा राज्याला वीज दिली आहे. दोनदा देणाऱ्याची एकदाही विचारपूस होऊ नये, हे कोणत्या न्यायात बसते?

‘मग कोळसा जाळायचा का?’

हा प्रश्न वातानुकूलित सभागृहातून हमखास येतो. औष्णिक केंद्राच्या राखेने आणि धुराने होणारी हानी पवनचक्कीच्या आवाजाहून कितीतरी मोठी आहे, हे निर्विवाद आहे. पण मोठे पाप दाखवल्याने लहान पाप पुण्य होत नाही. आणि येथे निवड पवनचक्की की कोळसा अशी नाहीच. निवड आहे ती ५०० मीटरवरची पवनचक्की की ८५० मीटरवरची, रात्री आवाज कमी करून चालवायची की पूर्ण वेगाने. आधुनिक यंत्रांत पात्यांचा कोन बदलून आवाज कमी करण्याची सोय असते. त्यात थोडी वीज कमी निर्माण होते, एवढेच. ती थोडीशी वीज म्हणजेच शेजाऱ्याच्या झोपेची किंमत. ती कोणी सोसायची, हा नैतिक प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर नफा घेणाऱ्याने द्यायचे असते.

हे उत्तर आजच हवे, कारण येणारी दहा वर्षे निर्णायक आहेत. २०३० पर्यंत ५०० गिगावॅट बिगर-जीवाश्म वीजक्षमतेचे लक्ष्य देशाने ठेवले आहे. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राने जुन्या पवनचक्क्यांच्या जागी मोठी यंत्रे बसवण्याचे धोरण जाहीर केले. साताऱ्याची, सांगलीची, धुळ्याची उत्तम वाऱ्याची पठारे जुन्या लहान यंत्रांनी व्यापलेली आहेत. ती यंत्रे उतरतील आणि दसपट क्षमतेची चढतील. एकदा मनोरा उभा राहिला की पुढची वीस-पंचवीस वर्षे कोणी तो हलवत नाही. मग नियम करणे म्हणजे वरातीमागून घोडे.

म्हणून मागण्या साध्या आणि स्पष्ट आहेत. यंत्र उभारण्यापूर्वी जवळच्या वस्तीत, रात्री, तिन्ही ऋतूंत आवाजाची मूळ पातळी मोजली जावी आणि ती ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवली जावी. उभारणीनंतर घराच्या आत, कमी वारंवारतेसह पुन्हा मोजमाप व्हावे. कंपनीच्या पगारी सल्लागाराने ते करू नये. चेन्नईची राष्ट्रीय पवनऊर्जा संस्था अथवा तत्सम शासकीय संस्थेने करावे. अंतराचा नियम यंत्राच्या उंचीशी जोडून त्याला कायद्याचे बळ द्यावे. तक्रार सिद्ध झाली तर रात्रीचा वेग आपोआप उतरावा, गावकऱ्याला न्यायालयाचे खेटे घालावे लागू नयेत. हेल्थ कॅनडाने केला तसा आरोग्याचा अभ्यास शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांनी या पठारांवर करावा आणि निष्कर्ष काहीही निघोत, ते जनतेपुढे मांडावेत. त्यातून भीती खोटी ठरली, तर गावकऱ्याचीच चिंता मिटेल. खरी ठरली, तर शासनाला जाग येईल. दोन्ही परिणाम स्वागतार्ह आहेत.

हे काम केवळ शासनावर सोडून चालणार नाही. या भागांत वावरणाऱ्या, गावागावांत संपर्क असणाऱ्या कार्यकर्त्यांनी पठारावरच्या वस्तीत दिवसा भेट देऊन परतण्याऐवजी एक रात्र मुक्काम करावा, घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोलावे, कोणाला झोप लागत नाही, केव्हापासून, कोणत्या ऋतूत, वारा कोणत्या दिशेचा असताना, याच्या तारीखवार नोंदी ठेवाव्यात. नोंद असेल तर तक्रार टिकते, नसेल तर ती कुरकूर ठरते. ढगांच्या गोष्टीत गुंतू नये, अवश्राव्य ध्वनीच्या भुताला भिऊ नये. जे ऐकू येते, जे मोजता येते, तेवढेच आग्रहाने मांडावे. तेवढे पुरेसे आहे.

वारा कोणाच्या मालकीचा नसतो, म्हणून त्याची वीज स्वच्छ मानली जाते. पण माथ्यावर यंत्र बसवून खालच्या उतारावरच्या माणसाची रात्र न विचारता घेतली जात असेल, तर त्या विजेला स्वच्छ म्हणण्याचा अधिकार शहराने आधी कमवावा. त्याचा आरंभ पठारावरच्या घराच्या माजघरात, रात्री दोन वाजता, योग्य मापपट्टी लावून व्हायला हवा.